पुढे काय वाढून ठेवलंय



या व्यासपीठावर इतिहास, कविता, राज्यघटना असे विषय चांगले रुळलेले आहेत. नॉझलमधल्या आघाततरंगावर, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात ज्याला नॉर्मल शॉक म्हणतात त्यावर, तासभर बोलायची मुभा संयोजकांनी दिली. त्यांच्या धाडसाचं कौतुक वाटतं. समीकरण एकही सांगणार नाही. आकडे मात्र सांगणार. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसलेल्यांना ठाऊक आहे की आकडा टाळून सांगितलेलं विज्ञान त्यांना कीर्तनासारखं वाटायचं. आणि कीर्तनकाराचा मान ठेवूनच ते हे म्हणायचे.

मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. वायूचा प्रवाह ध्वनीच्या वेगाला मागे टाकतो, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला कळायचा मार्ग बंद होतो. पुढची परिस्थिती तर काही टळत नाही. मग दोघांची गाठ एकाच जागी पडते, एका मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीत, आणि त्या गाठभेटीची किंमत आधीच ठरलेली असते. कारागीर कितीही कसबी असो, त्या किमतीत सूट मिळत नाही.

सुरुवात दुधापासून करू. स्वीडनमध्ये गुस्ताफ द लाव्हल नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी १८७८ साली दुधातली साय वेगळी करणारं फिरतं यंत्र तयार केलं. पुण्याला दापोडीत अल्फा लाव्हलची पाटी अनेकांनी पाहिली असेल. त्यातले लाव्हल ते हेच. साय वेगळी करायची तर भांडं प्रचंड वेगानं फिरायला हवं, आणि त्यासाठी लाव्हल वाफेच्या टर्बाइनकडे वळले. चाकाच्या पात्यांवर वाफेचा झोत मारायचा, चाक फिरवायचं. झोत जितका वेगवान तितकं चाक वेगवान. अडचण अशी, की निमुळत्या तोंडातून वाफ सोडली तर एका मर्यादेपुढे झोताचा वेग वाढेना. लाव्हलनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस उपाय शोधला: नळी आधी निमुळती करायची, सर्वांत अरुंद जागी गळा ठेवायचा, आणि गळ्यापुढे ती पुन्हा रुंद करत न्यायची. हेच लाव्हलचं नॉझल. त्यांची टर्बाइन मिनिटाला तीस हजार फेऱ्यांपर्यंत गेली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली.

आता थांबा. रुंद नळीत वेग वाढला? नदी रुंद पात्रात शिरली की संथ होते, हे आपण जन्मभर पाहतो. मग वाफेचं उलट कसं?

याचं उत्तर घनतेत आहे. पाण्याची घनता जवळजवळ बदलत नाही, वायूची बदलते. वायूचा वेग एक टक्का वाढला तर घनता किती टक्के घटते? माख अंकाच्या वर्गाइतकी. माख अंक म्हणजे प्रवाहाचा वेग भागिले त्याच जागचा ध्वनीचा वेग. माख ०.३ ला वेग एक टक्का वाढला तर घनता ०.०९ टक्के घटते, म्हणजे विसरून जावी इतकी. माख २ ला तोच एक टक्का घनता चार टक्के खाली आणतो. वायू इतका विरळ होत जातो की त्याला मावायला जागाच जास्त लागते. म्हणून ध्वनीच्या वेगाखाली नळी निमुळती हवी, वेगावर रुंद हवी, आणि नेमका ध्वनीचा वेग गाठला जातो तो गळ्याशी. लाव्हलना हे सगळं गणितानं ठाऊक होतं का, या वादात मी पडत नाही. नळी चालली, हे खरं.

आता एक टाकी डोळ्यांपुढे आणा. तिच्यात कोरडी हवा, दाब १० बार, तापमान आपल्या या सभागृहाइतकं. टाकीला लाव्हलचं नॉझल जोडलेलं, त्याचं शेवटचं तोंड गळ्याच्या १.६९ पट क्षेत्रफळाचं. हे नॉझल हवेला माख २ पर्यंत नेण्यासाठी काढलेलं आहे. बाहेरचा दाब आपल्या हातात आहे. तो आपण हळूहळू कमी करत जाऊ.

बाहेरचा दाब ९.०९ बारपर्यंत उतरला की गळ्याशी ध्वनीचा वेग गाठला जातो. इथं पहिली मोठी घटना घडते. दाब कमी झाल्याची बातमी हवेत ध्वनीच्याच वेगानं जाते. खालच्या अंगानं दाब घटला तर ती बातमी प्रवाहाविरुद्ध वर चढून टाकीपर्यंत जायला हवी. पण गळ्याशी हवा त्याच वेगानं समोरून येते आहे. बातमी तिथंच अडते. यापुढे बाहेरचा दाब कितीही कमी करा, पूर्ण निर्वात करा, टाकीतून दर सेकंदाला बाहेर पडणारी हवा एक ग्रॅमनं वाढत नाही. टाकीच्या दृष्टीनं बाहेरचं जग संपलेलं असतं.

मग बाहेरचा दाब ७ बार केला तर काय होईल? गळ्यापुढे हवेला दोनच सुरळीत वाटा आहेत. एक पुन्हा मंदावण्याची, ती ९.०९ बारला जाऊन पोचते. दुसरी वेग वाढवत नेण्याची, ती १.२८ बारला पोचते. सात बार यातल्या एकाही वाटेवर नाही. सुरळीत उत्तरच नाही! आणि तरी हवा वाहते. कशी?

ती वेगाच्या वाटेनं निघते. माख १.२, १.५, १.७, बिनधास्त. पुढे सात बार उभे आहेत याचा तिला पत्ता नाही. आणि माख १.८ च्या आसपास, नळीला आडवा असा एक पडदा उभा राहतो. पडद्याच्या अलीकडे हवा ध्वनीपेक्षा वेगवान; पलीकडे ध्वनीपेक्षा मंद. मधलं काही नाही. तिथून पुढे हवा मंद आहे, म्हणजे तिला बातमी ऐकू येते, म्हणजे रुंद होत जाणाऱ्या नळीत ती हळूहळू दाब वाढवत बरोबर सात बारला तोंडाशी पोचते. हाच तो नॉर्मल शॉक.

बाहेरचा दाब आणखी उतरवा, पडदा तोंडाकडे सरकतो. ५.७५ बारला तो अगदी तोंडावर येऊन उभा राहतो. त्याहून खाली गेलात की तो बाहेर पडतो, तिरका होतो, आणि रॉकेटच्या झोतात दिसणाऱ्या त्या चमकत्या चौकटींची रचना सुरू होते. म्हणजे या आपल्या नॉझलमध्ये पडद्याचा मुक्काम ९.०९ आणि ५.७५ यांच्या दरम्यान. रुंद होत जाणाऱ्या भागात तो स्थिर राहतो, त्याचं कारणही सोपं आहे. समजा तो थोडा पुढे सरकला. तिथं माख अंक मोठा, नुकसान मोठं, म्हणून तोंडाशी पोचणारा दाब कमी भरतो. बाहेरचा दाब मग त्याला मागे रेटतो. मागे सरकला तर उलट. निमुळत्या भागात हेच गणित फिरतं आणि पडदा टिकत नाही. स्वनातीत वातविवर, म्हणजे सुपरसॉनिक विंड टनेल, चालू करताना इंजिनिअरांचा जो घाम निघतो, तो बराचसा यापायी.

घरी हे पाहायचं असेल तर भांडी घासायच्या सिंकमध्ये नळाची बारीक धार सोडा. धार पडते तिथं पाणी पातळ, चपळ पसरतं, आणि थोड्या अंतरावर गोल कडं करून एकदम जाड नि मंद होतं. तिथं ध्वनीच्या जागी पाण्यावरच्या लाटा असतात. बाकी मामला बराच सारखा. धरणाच्या सांडव्याखाली स्थापत्य इंजिनिअर हीच उसळी मुद्दाम घडवून आणतात, पाण्याचा जोर तिथंच जिरावा म्हणून. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात सांडव्यांची प्रारूपं बांधून असले अभ्यास होतात.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, आणि इथं जरा रेंगाळणार आहे, कारण मला या विषयातला हा भाग सर्वांत जास्त आवडतो. निसर्गात अशी उडी असू शकते यावर मोठमोठ्या माणसांचा विश्वास बसत नव्हता.

मोठ्या ध्वनिलहरीचा माथा तिच्या पायथ्यापेक्षा वेगानं धावतो. म्हणून लहर पुढे जाताना तिचं तोंड उभं होत जातं, आणि गणित पुढे रेटलं तर एका जागी एकाच वेळी दोन दाब येतात. हे अशक्य. १८४८ साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सनी सुचवलं की तिथं सरळ उडी माना. उडीच्या दोन्ही बाजूंना वस्तुमान आणि संवेग जुळवा. उत्तर बरोबर होतं. पण विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, आणि लॉर्ड रॅले यांनी शंका काढली: वस्तुमान जुळतं, संवेग जुळतो, ऊर्जा जुळत नाही. स्टोक्सनी ते मान्य केलं, आणि १८८० च्या दशकात त्यांच्या लेखांचा संग्रह निघाला तेव्हा तो भाग वगळला. बरोबर उत्तर, ज्यानं शोधलं त्यानंच मागे घेतलं! स्टोक्सना मी दोष देत नाही. ऊर्जेचा हिशेब चुकत असताना उत्तर रेटणाऱ्या माणसापेक्षा ते मागे घेणारा माणूस मला बरा वाटतो.

जर्मनीत बर्नहार्ट रीमान यांनी १८६० मध्ये हाच प्रश्न घेतला. गणिती म्हणून ते थोरच, पण उडीच्या दोन्ही बाजूंची एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जेच्या विस्कळीतपणाचं माप, एकच असते असं त्यांनी धरलं, आणि तिथं ते चुकले. गाठ सोडवली दोघांनी: ग्लासगोचे रँकिन, १८७० मध्ये, आणि फ्रेंच नौदलाच्या तोफखान्यातले अधिकारी ह्युगोनियो. ह्युगोनियो १८८७ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेले; त्यांच्या कामाचा एक भाग त्यांच्या पश्चात छापला गेला. दोघांचं म्हणणं असं: ऊर्जा हरवत नाही. जी हरवल्यासारखी वाटते ती उष्णता होऊन हवेतच राहते. केल्व्हिन आणि रॅले यांनी जी तूट दाखवली होती, ती गणिताची चूक नव्हतीच. तीच शॉकची खूण होती.

एक प्रश्न तरीही उरला. वस्तुमान, संवेग, ऊर्जा या तिन्ही हिशेबांत उलटी उडीही बसते: मंद हवा एकदम वेगवान व्हावी, गरम हवा एकदम गार व्हावी. ती का दिसत नाही? कारण तिच्यात एन्ट्रॉपी घटावी लागेल, आणि उष्णतागतिकीचा दुसरा नियम ते होऊ देत नाही. १९१० साली रॅले आणि चोवीस वर्षांचे जी. आय. टेलर यांनी हे स्वतंत्रपणे मांडलं, आणि पडदा किती जाड असावा याचाही अंदाज दिला. हो, तेच रॅले, ज्यांनी पूर्वी शंका घेतली होती.

पण कागदावरचं हे सगळं नळीत खरोखर घडतं का? याचा निकाल झुरिकला लागला. आउरेल स्टोडोला हे मूळचे आजच्या स्लोव्हाकियातले, झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्राचे प्राध्यापक. वाफेच्या टर्बाइनवरचा त्यांचा ग्रंथ १९०३ चा. पुढच्या पिढ्या त्यावर वाढल्या. त्यांनी केलेला प्रयोग ऐकायला अगदी साधा आहे. लाव्हल नॉझलच्या मधोमध आरपार एक बारीक नळी ताणायची. तिच्या कुशीला एक लहानसं छिद्र. नळी मागेपुढे सरकवत न्यायची आणि छिद्रातून कळणारा दाब जागोजाग टिपायचा. बाहेरचा दाब बदलायचा, पुन्हा टिपायचा. गळ्यापुढे दाब उतरत जातो आणि एका जागी आलेख एकदम वर उठतो. बाहेरचा दाब बदलला की ती जागा सरकते. आपण मघाशी टाकीबरोबर केलं तेच. स्टोडोलांनी ओळखलं, की रीमाननी ज्या उडीचा विचार केला होता ती ही. गणितात पन्नासहून अधिक वर्षं लपून राहिलेली, मागे घेतलेली, चुकीची ठरवलेली गोष्ट एका टर्बाइनच्या नॉझलमध्ये दाबमापकावर दिसली.

मला यात एक गंमत वाटते. ज्या याकोब आकेरेट यांनी १९२९ मध्ये 'माख अंक' हे नाव सुचवलं, ते स्टोडोलांचे विद्यार्थी. एर्न्स्ट माख आणि पेटर झाल्शर यांनी १८८६ मध्ये बंदुकीच्या गोळीपुढच्या आघाततरंगाचं छायाचित्र टिपलं होतं. आकेरेटनी त्या माखचं नाव अंकाला दिलं. गुरूचं नाव मात्र सर्वसामान्य वाचकाच्या कानी क्वचितच पडतं.

आता किंमत. आपल्या टाकीतली हवा माख २ ला पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ५१८ मीटर असतो आणि तापमान उणे १०६ अंश सेल्सिअस. पडदा ओलांडला की वेग १९४ मीटर, तापमान अधिक ८ अंश. दाब साडेचार पट. घनता २.६७ पट. हे सगळं काही अब्जांश सेकंदात, कारण पडदा ओलांडायला रेणूंना आपसांत मोजक्याच टकरी पुरतात. ऊर्जा तितकीच आहे. पण ती हवा पुन्हा सुरळीत थांबवली तर मूळचे १० बार परत मिळत नाहीत, ७.२१ बार मिळतात. उरलेले कायमचे गेले.

आणि इथं ती गोष्ट आहे जी मी आरंभी म्हणालो. हे २८ टक्के घर्षणानं गेले का? नाही. हवेचा चिकटपणा दुप्पट करा, निम्मा करा, नुकसान तितकंच राहतं. चिकटपणानं फक्त पडद्याची जाडी बदलते. नळी आरशासारखी घासून गुळगुळीत करा, तरी तितकंच. तीन हिशेब जुळवायचे असतील तर एवढं द्यावंच लागतं. कुठल्या वेगाला गाठभेट होते, एवढंच आपल्या हातात आहे. माख १.३ ला झाली तर जेमतेम दोन टक्के जातात. माख ३ ला झाली तर दोन-तृतीयांश जातात! म्हणून स्वनातीत विमानाच्या इंजिनापुढचं तोंड रचणारा माणूस हवेला आधी तिरक्या आघाततरंगांनी हळूहळू मंदावतो आणि शेवटचा आडवा पडदा अगदी कमी माखला उभा करतो. कॉन्कॉर्ड माख २ ला उडायचं, आणि सरळ एका शॉकला ७२ टक्के मिळाले असते तिथं त्याच्या तोंडातून ९० टक्क्यांहून अधिक दाब वाचायचा. प्रवासी शॅम्पेन पीत होते ते या हिशेबावर.

तुम्ही म्हणाल, पुस्तकातला पडदा इतका नीटनेटका, खऱ्या नळीतही तो तसाच असतो का? नसतो. भिंतीलगतचा हवेचा पातळ थर मंद असतो. तो थर ध्वनीच्या वेगाखाली असल्यामुळे पुढची बातमी त्यातून मागच्या दारानं वर चढते. थर फुगतो, भिंतीपासून सुटतो, आणि आडव्या पडद्याचे भिंतीजवळ दोन पाय फुटतात. या गुंत्यावर सुरुवातीच्या काळात ज्यांनी कसून काम केलं त्यांत कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमध्ये हान्स लिपमान, अनातोल रोश्को आणि सतीश धवन हे त्रिकूट होतं. धवन १९५१ मध्ये बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि त्यांनी देशातलं पहिलं स्वनातीत वातविवर उभारलं. श्रीहरिकोट्याच्या तळाला आज ज्यांचं नाव आहे, त्यांच्या कामाची सुरुवात आघाततरंग भिंतीशी कसा वागतो या प्रश्नातून झाली होती. उपग्रह, प्रक्षेपक हे सगळं नंतरचं.

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. आपल्या एलव्हीएम-३ प्रक्षेपकाच्या वरच्या टप्प्यातलं सीई-२० इंजिन निर्वातात चालण्यासाठी आहे. त्याच्या नॉझलचं तोंड गळ्याच्या शंभर पट क्षेत्रफळाचं. तोंडाशी दाब सुमारे ५० मिलिबार. जमिनीवरचा दाब त्याच्या वीस पट. असं इंजिन जमिनीवर पेटवलं तर बाहेरची हवा नॉझलमध्ये घुसते, प्रवाह भिंतीपासून सुटतो, सुटायची जागा थरथरते, आणि नॉझल हादरून, तापून फुटू शकतं. म्हणून अशा इंजिनांच्या चाचण्या उंचीची नक्कल करणाऱ्या, दाब उतरवलेल्या चाचणीघरात घेतात. त्या घरांच्या रचनेतही गंमत आहे: इंजिनाचा झोत एका लांब नळीत, म्हणजे डिफ्यूजरमध्ये, सोडतात आणि त्यात उभी राहणारी आघाततरंगांची रांगच झोताचा दाब वातावरणाइतका चढवून त्याला बाहेर ढकलते. एका नळीत घातक ठरणारा शॉक दुसऱ्या नळीत पंपाचं काम करतो. इस्रोनं तमिळनाडूत महेंद्रगिरीला २९ नोव्हेंबर २०२४ रोजी हे इंजिन समुद्रसपाटीच्या दाबालाच पेटवून दाखवलं. नॉझल वाचवण्यासाठी वेगळी संरक्षक योजना केली होती. वर्तमानपत्रांत त्याला एखादा परिच्छेद मिळाला. माझ्या मते तो पहिल्या पानाचा विषय होता.

शेवटी इथं बसलेल्या प्राध्यापकांना एक विनंती. स्टोडोलांचा प्रयोग तुमच्या प्रयोगशाळेत होऊ शकतो. यंत्र विभागात कॉम्प्रेसर असतो. लेथवर पितळेचं नॉझल कापून घ्या: गळा ५ मिलिमीटर, तोंड साडेसहा मिलिमीटर. आतून एक मिलिमीटरची नळी, कुशीला छिद्र. बाहेरचा दाब कमी करायची गरज नाही. नॉझल सरळ वातावरणात उघडा आणि टाकीकडचा दाब बदला. समुद्रसपाटीला साधारण १.११ ते १.७६ बार, निरपेक्ष दाब, एवढ्याच पट्ट्यात पडदा नॉझलच्या आत असतो. म्हणजे मोठा कॉम्प्रेसरही लागत नाही, धोकाही थोडा. वाचन पुस्तकाशी तंतोतंत जुळणार नाही, कारण भिंतीलगतचा थर तुमच्याही नळीत असेल. मुलांना ते का जुळत नाही यावर भांडू द्या. शॉक डोळ्यांनी पाहायचा असेल तर काचेच्या भिंतींचं चपटं नॉझल करा, दुर्बिणीचे आरसे घासणाऱ्या एखाद्या हौशी माणसाकडून अंतर्गोल आरसा मागून आणा, आणि दाढीचं एक पातं. आउगुस्ट ट्योप्लर यांनी १८६४ मध्ये दिलेली पद्धत तीच आहे. येत्या सत्रात हे करा, आणि मुलांनी हातानं काढलेले आलेख या व्याख्यानमालेच्या पत्त्यावर पाठवा. मी ते तपासून परत पाठवीन.